आठशे सरळ रस्त्यावर नाचते – स्टॅबिलायझर बार जाड करू का?

सिन्नरची_आठशे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

गाडी मारुती ८००, २००४ ची, वडिलांनी घेतलेली. ओडोमीटर १ लाख १२ हजार दाखवतो, पण मध्ये दोनेक वर्षं केबल तुटलेली होती, त्यामुळे त्याच्या शब्दावर जाऊ नका. इंजिन अजून शिलाई मशीनसारखं चालतं. गेल्या महिन्यात ताईकडे नागपूरला गेलो. सिन्नरजवळ समृद्धीला लागलो आणि जालना येईपर्यंत दोन्ही खांदे भरून आले. सत्तरपर्यंत गाडी गुणी. ऐंशीच्या पुढे गेली की दाव्याला हिसके देणाऱ्या वासरासारखी, कधी इकडे कधी तिकडे. स्टिअरिंग सरळ धरलं तरी सतत थोडं थोडं सावरत बसायचं. शेजारून एखादी ट्रॅव्हल्स गेली की पोटात गोळा.

दुसरी गोष्ट मला जास्त विचित्र वाटते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की नाक किंचित डावीकडे वळतं, परत दाबला की सरळ होतं. ब्रेक मारला तर आधी डावीकडे एक हिसका, मग सरळ थांबते.

आतापर्यंत चारी टायर नवे टाकले, बॅलन्सिंग केलं, पुढचे ब्रेक पॅड बदलले, आणि व्हील अलाइनमेंट दोन वेगळ्या दुकानांत दोनदा झाली. दोघांनीही "आता मस्त झाली" म्हणून पैसे घेतले.

माझा एक मित्र फॅब्रिकेशनचं काम करतो. तो म्हणतो, पुढचा स्टॅबिलायझर बार जाड करू, मागे नवा एक बसवू, गाडी रुळावर चालल्यासारखी सरळ जाईल, पिकअपही सुधारेल. पैसे फक्त मालाचे घेणार. मागच्या बारसाठी पाइप आणायलाही निघालाय. करू का?

भिंगरी

१२० च्या रस्त्यावर आठशे घेऊन गेलात? तुम्हाला बार नको, शौर्यपदक हवं.

सिन्नरची_आठशे

ताई, मी ८५ ने डावीकडच्या लेनमध्येच होतो. शौर्य मागून येणाऱ्यांचं.

चाकणकर

मित्राला पाइप आणण्याआधी थांबवा. सरळ जाण्याशी स्टॅबिलायझर बारचा जवळपास काही संबंध नाही. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज फार पसरलाय.

ओलं धोतर पिळताना काय करता? एक हात इकडे फिरवता, दुसरा उलटा. दोन्ही हात एकाच दिशेने फिरवले तर धोतर नुसतं गोल फिरतं, पीळ बसत नाही. बारचं अगदी तसंच आहे. तो एक स्प्रिंग स्टीलचा दांडा. मधला भाग बॉडीला दोन रबरी बुशमध्ये (दांडा धरणाऱ्या रबराच्या कड्यांत) धरलेला, दोन्ही टोकं वळून लिंक नावाच्या छोट्या दांड्यांनी डाव्या-उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला जोडलेली. वळणावर बॉडी कलते, एक चाक वर जातं, दुसरं खाली, बारला पीळ बसतो आणि तो कलण्याला विरोध करतो. सरळ रस्त्यावर ब्रेक लावून नाक खाली गेलं किंवा पिकअप घेताना वर आलं, तर दोन्ही चाकं एकदम वर किंवा एकदम खाली. बार आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो. पीळ शून्य, विरोध शून्य.

हे सगळं गुळगुळीत रस्त्यावर. आपल्या रस्त्यांवर एकाच चाकाखाली खड्डा येतो, तेव्हा बार त्या चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचवतो. बार जेवढा ताठ, तेवढं हे जास्त. उंच एसयूव्हीत बसून खराब रस्त्यावरून जाताना डोकं डावी-उजवीकडे डुलतं ना, त्यात बारचा मोठा वाटा असतो. म्हणजे जाड बारने सरळ रस्त्यावरची तुमची गाडी झालीच तर थोडी बिघडेल.

आणि "थोडा जाड" हे वाटतं तेवढं थोडं नसतं. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. २२ मिमीचा बार २४ चा केला तर वाढ ९ टक्के नाही, ४० टक्क्यांच्या वर. १८ चा २० केला तर दीडपट. वेल्डिंगच्या दुकानात हे गणित कोणी करत नाही. शिवाय साधा पाइप वाकवून केलेला बार म्हणजे स्प्रिंग स्टील नव्हे. तो एक दिवस वाकून तसाच राहील, नाहीतर वेल्डपाशी तुटेल.

पिकअपचं म्हणाल तर बारचा संबंध फक्त वजनाशी. २२ मिमीचा सव्वा मीटर दांडा साडेतीन-चार किलोचा. मागे नवा बार टाकलात तर गाडी तेवढी जड होईल, म्हणजे पिकअप कणभर घटेलच. डिकीतला पाण्याचा कॅन काढलात तर बारपेक्षा जास्त फरक पडेल.

तुमची लक्षणं टाय रॉड एंड (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं टोक), रॅकमधला प्ले (स्टिअरिंगच्या दातेरी पट्टीतला ढिलेपणा) आणि लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या हाताच्या, बुशची आहेत. तिथे बघा.

मिशिगनकर

चाकणकर, ९० टक्के पटलं, पण "सरळ रेषेत बार काहीच करत नाही" हे वाक्य आमच्या इथल्या ड्रॅगस्ट्रिपवर बोललात तर लोक हसतील. :) इकडे याला स्वे बार म्हणतात आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, नाकासमोर पळणारे लोक त्यावर बऱ्यापैकी पैसे घालतात.

माझ्याकडे २००७ ची मस्टँग जीटी आहे, ४.६ लिटर व्ही८, मॅन्युअल. २०१४ पर्यंतच्या मस्टँग जीटीला मागे सबंध एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) होता, २०१५ पासून चाकं सुटी झाली. हा फरक इथे फार महत्त्वाचा.

हातातली ड्रिल मशीन भिंतीत अडकली की मनगट उलटं फिरतं, अनुभव असेल. इंजिन लांबट बसवलेल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हेच होतं. इंजिनची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट एक्सलला पिळतो, त्यामुळे मागचं डावं चाक रस्त्यात दाबलं जातं आणि उजवं उचललं जातं. माझ्या गाडीचा आकडा मांडतो. इंजिनचा टॉर्क सुमारे ४३४ न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.३८, म्हणजे शाफ्टवर साधारण १,४६५ न्यूटन-मीटर. चाकांमधलं अंतर १.६ मीटर धरलं तर डाव्या चाकावर नव्वदेक किलो जास्त आणि उजव्यावर तेवढेच कमी. म्हणूनच जुन्या गाड्यांचं नेहमी उजवं मागचं चाक जळतं.

आता गंमत. शाफ्टने एक्सलला जेवढा पीळ दिला तेवढाच उलटा पीळ बॉडीला मिळतो. बॉडीचा पुढचा डावा खांदा वर येतो आणि अंग मागच्या उजव्या चाकावर बसतं, म्हणजे जे चाक उचललं जात होतं त्याच्यावरच. हा सगळा उलटा पीळ मागच्या स्प्रिंगांनी आणि मागच्या बारने घेतला तर हिशेब घरच्या घरी मिटतो, दोन्ही चाकांवर वजन सारखं. पण पुढचा बार ताठ असेल तर त्यातला बराच पीळ पुढची चाकं घेतात आणि मागचं येणं तेवढं कमी पडतं. म्हणून ड्रॅगवाले पुढच्या बारची लिंक सोडून ठेवतात आणि मागे दणकट बार लावतात. सरळच पळायचंय, वळायचंय कुठे!

मी दर वेळी इथल्या मिलान गावच्या ड्रॅगवेवर पोचलो की पुढच्या एका बाजूची लिंक काढतो आणि घरी निघताना लावतो. एकदा लावायची विसरलो. हायवेच्या एक्झिटच्या गोल वळणावर बायकोने जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

चाकणकर

हे बरोबर आहे, आणि वाक्य मी फार सरसकट केलं होतं हेही मान्य. एक भर घालतो. तिकडचे बरेच लोक सांगतात की पुढची लिंक काढली की "नाक मोकळं होतं, जास्त उचलतं, म्हणून वजन मागे जातं". तसं नाही. नाक उचलताना दोन्ही पुढची चाकं एकदम खाली लोंबतात, बार बुशमध्ये नुसता फिरतो, त्याने आधीही नाक धरून ठेवलेलं नव्हतं. मागे किती वजन जाणार हे गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, व्हीलबेस आणि त्या क्षणाचा वेग पकडण्याचा दर ठरवतो. फायदा तुम्ही सांगितलात तोच, डाव्या-उजव्याच्या वाटणीचा. अपवाद एकच: बुश इतके आवळलेले की बार त्यात अडकतोय.

पण आठशेला यातलं काही लागू नाही. इंजिन आडवं, ओढणारी चाकं पुढची, प्रोपेलर शाफ्टच नाही. इंजिनचा पीळ गाडीला पुढे-मागे झुलवतो, डावी-उजवीकडे नाही. आपल्याकडे हा हिशेब बोलेरो किंवा इनोव्हा क्रिस्टावाल्यांनी मांडावा, मागे सबंध एक्सल आहे. मात्र सिग्नलवरून तेवढ्या जोरात त्या कोण काढतो, देव जाणे.

भिंगरी

आमच्या गल्लीतला पाण्याच्या टँकरवाला.

रबरी_शिक्का

मी आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅग रेस बघायला गेलो होतो. तिथे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅक सुटताना चाकं अक्षरशः टपटप उड्या मारत होती. तो काय प्रकार?

चाकणकर

त्याला व्हील हॉप म्हणतात, आणि तिथे खलनायक बुशच. टायर रस्ता पकडतो, लोअर आर्मचा बुश रबर असल्यामुळे दबतो, चाक जागेवरून जरा सरकतं, पकड सुटते, बुश उसळून परत येतो, टायर परत पकडतो. सेकंदाला कितीतरी वेळा. इंजिनचं खालचं फाउंडेशन ढिलं असेल तर तेही याच तालावर नाचतं. तेवढा वेळ ताकद रस्त्यावर जाण्याऐवजी रबर मळण्यात जाते, आणि ड्राइव्हशाफ्ट तुटण्याची वेळ हीच. म्हणून ते लोक पॉलीयुरेथेनचे बुश आणि कडक फाउंडेशन टाकतात. सरळ पळण्यासाठी पैसे घालायचेच तर बारपेक्षा इथे घातलेले बरे.

नानाचा_पाना

राम राम. सगळं वाचलं. चाकणकर साहेब, तुमचं पुस्तक चुकत नाही, पण तुम्ही आठशेच्या खाली कधी झोपलेले दिसत नाही. रागवू नका. मी १९९१ पासून कोल्हापुरात झोपतोय.

आठशेचा लोअर आर्म कसा असतो? इंग्रजी ए सारखा दोन पायांचा नाही. एक सरळ पट्टी. आत क्रॉस मेंबरला एकच बुश, बाहेर बॉल जॉइंट. एका बिजागरीवरचं दार कसं उभं राहील सांगा. चाक डावी-उजवीकडे जाणार नाही, ते आर्मने धरलंय. पण पुढे-मागे जायला त्याला कोण अडवणार?

बार अडवतो. आठशेत स्टॅबिलायझर बारचं टोक लिंकने टांगलेलं नाही, ते सरळ लोअर आर्मच्या भोकातून आरपार जातं, दोन्ही बाजूंना बुश, वॉशर आणि नट. म्हणजे तो बार वळणावर बारचं काम करतो आणि उरलेला सगळा वेळ आर्मची दुसरी बिजागरी असतो. कंपनीच्या तक्त्यात त्याला टॉर्शन टाइप रोल कंट्रोल डिव्हाइस म्हणतात. नाव एवढं मोठं, पण अर्धं काम त्या नावात आलेलंच नाही.

आता सिन्नरकर, तुमची लक्षणं परत वाचा. पिकअप दिला की पुढची चाकं गाडीला ओढतात, म्हणजे स्वतः पुढे पळायला बघतात. पाय काढला की मागे रेटली जातात, ब्रेक मारला की आणखी जोरात मागे. टोकाचे बुश चांगले असतील तर चाक जागा सोडत नाही. बुशचा भुगा झाला असेल तर दर वेळी चाक पुढे-मागे सरकतं, पण टाय रॉड तिथंच असतो, मग चाकाचं तोंड वळतं. तुमचा डावा बुश गेलाय. उजवाही गेला असणार, पण डाव्यापेक्षा बरा. दोन्ही सारखे गेले असते तर ओढलं नसतं, नुसती भिरभिरली असती.

अलाइनमेंटवाल्याला हे दिसणार नाही. गाडी त्याच्याकडे उभी असते, बुश जागेवर बसलेला असतो. मशीन म्हणणार सगळं हिरवं.

चाकणकर

नाना, साष्टांग. आठशेच्या खाली खरंच झोपलेलो नाही, माझ्या आयुष्यात आल्या त्या सगळ्या लिंकवाल्या आणि ए आर्मवाल्या. वरच्या प्रतिसादातलं "बारचा संबंध नाही" हे वाक्य निदान या गाडीपुरतं मागे घेतो.

आता आठवतंय, मॅकफर्सन स्ट्रटची, म्हणजे आठशेत पुढे आहे त्या सस्पेन्शनची, सुरुवातच अशी झाली. फोर्डने १९५० मध्ये लंडनच्या प्रदर्शनात कॉन्सल आणि झेफिर दाखवल्या, त्यांचा पुढचा बार हेच दुहेरी काम करत होता. एक सुटा भाग वाचतो, पैसे आणि वजन वाचतं. छोट्या, स्वस्त गाड्यांना ही मांडणी फार सोयीची पडली. डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आलेली आठशे जानेवारी २०१४ मध्ये बंद होईपर्यंत पुढे हीच घेऊन फिरली.

याची किंमतही आहे, आणि ती रबरात मोजायची. लिंकवाल्या गाडीत बारचा बुश गेला तर खड्ड्यात खडखड येते, बाकी गाडी सरळ जाते. आठशेत तोच बुश गेला तर कॅस्टर, टो (चाक बसवण्याचे कोन), ब्रेकिंग सगळंच ढिलं. आणि ज्याला हे माहीत नाही तो फक्त "आवाज येतोय का?" एवढंच विचारतो.

सिन्नरकर, यावरून तुमच्या मूळ प्रश्नाचंही उत्तर बदलतं. पुढचा बार जाड करणं आता मला निरुपयोगी नाही, सरळ धोक्याचं वाटतंय. टोकाचा आटा, खांदा, आर्मचं भोक, सगळं त्या बारच्या मापाचं. मित्राने वेल्ड केलेलं टोक ब्रेक मारताना तुटलं तर चाक मडगार्डमध्ये जाईल.

सिन्नरची_आठशे

बापरे. मित्राला फोन केला. तो म्हणाला, "नाना कोण?"

नाना, घरी तपासायचं कसं? खाली आवाज अजिबात येत नाही, म्हणून कोणी बघितलंच नाही.

नानाचा_पाना

सोपं आहे. सपाट जागा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. तुम्ही आत बसा. दोन पोरांना गाडी चालत्या वेगाने ढकलायला लावा आणि खाडकन ब्रेक दाबा. तिसऱ्याने बाजूला उभं राहून पुढचं चाक आणि मडगार्डमधली फट बघायची. फोनवर व्हिडिओ काढला तर उत्तम. गाडी थांबताना चाक फटीत मागे सरकून परत आलं तर समजायचं. नंतर पुढे ढकलून आणि मागे ढकलून, दोन्हीकडून करा.

दुसरं, बॅटरी घेऊन खाली वाका आणि आर्मच्या भोकापाशी बघा. रबर चपटं होऊन वॉशरच्या बाहेर फुललेलं, भेगाळलेलं असेल, नाहीतर वॉशर आर्मला घासून चकचकीत झालेला असेल. चकाकी दिसली की तिथं लोखंडाला लोखंड लागतंय.

मिशिगनकर

नाना, तुमच्यासारखा माणूस इथे तासाला दीडशे डॉलर घेईल.

नानाचा_पाना

मग तिकडची थंडी कोण सोसणार. इथं बरं आहे.

रबरी_शिक्का

बदलायचेच आहेत तर पीयू (पॉलीयुरेथेन) बुश टाकावेत ना? कायमचं काम. लाल रंगाचे मिळतात.

नानाचा_पाना

लाल रंगाने गाडी सरळ जात नाही. रबरच टाका.

चाकणकर

नाना थोडक्यात बोलतात, मी लांबण लावतो. पीयू साध्या रबरापेक्षा बराच कडक. जिथे भाग एकाच अक्षावर फिरतो, उदाहरणार्थ बारचे ब्रॅकेटमधले बुश, तिथे पीयू चालतं, फक्त सिलिकॉन ग्रीस हवं, नाहीतर उंदीर मेल्यासारखा चिरका आवाज करतं. पण आठशेच्या बारच्या टोकाला हालचाल एका दिशेची नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा बारचं टोक भोकात तिरकं होतं, थोडं वळतं, शिवाय पुढे-मागेचा जोर घेतं. रबर हे सगळं सोसतं. फार कडक बुश घातला तर तो तिरकेपणा रबर घेत नाही, बारच्या टोकाचा आटा घेतो. वर्षभर गाडी सरळ जाईल, मग आट्यापाशी बारीक तडा.

सरळ पळण्यासाठी कडकपणा हवा, पण हव्या त्या दिशेला. गाड्यांच्या कंपन्या एकाच बुशमध्ये पोकळ फटी ठेवून एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक असं रबर ओततात ते याचसाठी. सगळीकडे सारखंच कडक म्हणजे चांगलं, ही समजूत बाजारात खपते कारण बोटाने दाबून बघता येते.

सिन्नरची_आठशे

अपडेट. रविवारी पोरांना वडापाव कबूल करून गाडी ढकलवली. व्हिडिओत स्पष्ट दिसतंय, डावं चाक ब्रेकला जवळजवळ अंगठ्याच्या रुंदीएवढं मागे जातं आणि परत येतं. उजवं थोडंसं. आईने खिडकीतून बघितलं आणि विचारलं, "बंद पडली का?" वडिलांनी पहिल्यांदाच या विषयात रस घेतला.

सोमवारी ओळखीच्या मेकॅनिककडे खोलली. डाव्या बाजूचं रबर हातात आलं ते चुरमुऱ्यासारखं. आणि एक वॉशर नव्हताच! चार-पाच वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये ड्राइव्हशाफ्टचं बूट बदललं होतं, त्यांनी तेव्हा बार सोडला असणार आणि बसवताना वॉशर राहून गेला. नट थेट रबरावर. रबराने किती दिवस तग धरला तेच नवल.

दोन्ही टोकांचे बुश, सगळे वॉशर, बारचे ब्रॅकेटचे बुश आणि आर्मचे आतले बुश आणलेत. सगळं मिळून एका अलाइनमेंटच्या पैशांपेक्षा फार जास्त झालं नाही, हे वाचून हसू नका.

नानाचा_पाना

हसत नाही. पण मेकॅनिकला दोन गोष्टी सांगा, तो ऐकणार नाही तरी सांगा.

आर्मचा आतला बुश रबर आणि लोखंडी नळी एकमेकांना चिकटवलेला असतो. तो फिरत नाही, पिळला जातो. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतंय, तेव्हाच बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर टेकल्या टेकल्या बुशला कायमचा पीळ बसतो. सहा महिन्यांत फाटतो आणि मग सगळे म्हणतात डुप्लिकेट माल होता. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून सोडा, मग शेवटचा आवळ द्या. पिट असेल तर सोपं, नसेल तर चाकांखाली फळ्या घाला.

दुसरं, रबर बसत नाही म्हणून इंजिन ऑइल किंवा डिझेल लावू देऊ नका. रबर तेल पितं, फुगतं, मऊ पडतं. साबणाचं पाणी लावा, वाळून जातं.

आणि हे झाल्यावर अलाइनमेंट. आधी केलेल्या दोन्ही तुम्ही भुग्यावर केल्यात.

बोरिवली_लोकल

मधेच विचारतो, माफ करा. माझी गाडी लिंकवाली, २०१६ ची हॅचबॅक. गॅरेजवाला म्हणतो लिंक रॉड गेलेत म्हणून गाडी एक्स्प्रेसवेवर ओढते. खरं?

चाकणकर

लिंक रॉड गेले तर स्पीड ब्रेकरवर टकटक येईल, वळणावर थोडी जास्त कलेल. ओढण्याचं कारण ते नव्हे. बदला, पण ओढणं थांबेल या आशेने नको. लोअर आर्मचा मागचा मोठा बुश बघा, ब्रेकचा मार तोच खातो. त्याही आधी पुढचे दोन टायर डावा-उजवा अदलाबदल करून चालवा, फुकट आहे. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. टायरवर बाण असेल, एकाच दिशेने फिरणारा, तर मात्र असं करू नका.

सिन्नरची_आठशे

शेवटचं अपडेट. बुश बदलून आठवडा झाला. मेकॅनिकने जॅकवरच आवळायला घेतलं होतं. मी फोनवर नानांचा प्रतिसाद दाखवला. तो दोन मिनिटं वाचत राहिला, मग न बोलता गाडी खाली उतरवली. अलाइनमेंट तिसऱ्यांदा.

काल पहाटे सिन्नरहून शिर्डीपर्यंत समृद्धीने जाऊन आलो. ८५ ला एका हाताने धरता येते (धरली नाही, येते म्हणतोय). ॲक्सिलरेटर सोडला तर नाक जागेवर. ब्रेकला सरळ. ट्रॅव्हल्स गेली की अजून हलते, पण हलून परत जागेवर येते, आधी हलली की दुसरीकडेच निघायची. मजा म्हणजे पिकअपही सुधारल्यासारखं वाटतंय, जरी चाकणकरांच्या हिशेबाने काही व्हायला नको.

एकच राहिलंय. गावाकडच्या साध्या रस्त्यावर हात सोडला तर हळूहळू डावीकडे जाते.

चाकणकर

पिकअप तेवढंच आहे. आधी तुम्ही सावरण्याच्या भीतीने अर्धवट दाबत होता, आता पूर्ण दाबताय.

नानाचा_पाना

डावीकडचं सोडून द्या. आपले दोन लेनचे रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी वाहून जायला. आपण डाव्या बाजूने चालतो, गाडी उताराकडे जाणारच. खात्री करायची तर मोकळ्या रस्त्यावर, समोर लांबपर्यंत कोणी नसताना, मधल्या उंचवट्यावरून हळू चालवून बघा. तिथं सरळ गेली म्हणजे काम झालं.

सिन्नरची_आठशे

बघितलं. सरळ गेली. नाना, कोल्हापूरला आलो की भेटतोच, पांढरा रस्सा माझ्याकडून.

फक्त एक अडचण आहे. मित्राने मागच्या बारसाठी सहा फुटी पाइप आणून ठेवलाय आणि तो रोज विचारतो, कधी बसवायचा. त्याला काय सांगू?

भिंगरी

गॅलरीत बसवा म्हणावं. धोतर वाळत घालायला. आधी नीट पिळून, दोन्ही हात उलटे फिरवून.